हृदयप्रत्यारोपणानंतर रक्तवाहिन्यांतील दुर्मीळ गुंतागुंत आणि तिचे इमेजिंग निदान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवे हृदय एखाद्या दूरच्या शहरात बसवले जाते आणि पुढची देखरेख मात्र नागपुरात होते, असे विदर्भातील रुग्णांच्या बाबतीत अनेकदा घडते. सीटी, इको किंवा अँजिओग्राफीसाठी येणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक रेडिओलॉजी विभागात जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. आपल्या रुग्णाबद्दलचा निर्णय अर्थातच प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे.

प्रत्यारोपणानंतर रक्तवाहिन्यांमध्ये नेमके कोठे बिघडू शकते?

प्रामुख्याने जेथे शिवण आहे तेथे. रिचर्ड लोअर आणि नॉर्मन शमवे यांनी 1960 मध्ये मांडलेल्या जुन्या पद्धतीत रुग्णाच्या दोन्ही कर्णिकांचा, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा, मागचा भाग तसाच ठेवून त्यावर दात्याचे हृदय शिवले जात असे. त्यामुळे डावी कर्णिका, उजवी कर्णिका, फुफ्फुस धमनी आणि महाधमनी असे चार जोड तयार होत. आज अधिक रूढ असलेल्या बायकेव्हल पद्धतीत उजव्या कर्णिकेऐवजी वरची आणि खालची अशा दोन महाशिरा स्वतंत्रपणे जोडतात, म्हणजे जोड पाच होतात. प्रत्येक जोडावर गळती, आकुंचन, पीळ किंवा संसर्ग यांपैकी काहीही होऊ शकते. प्रत्यक्षात यातील बहुतेक प्रकार क्वचितच घडतात.

शिवणीखेरीज आणखी काही जागा आहेत. हृदय-फुफ्फुस यंत्राची नळी जेथे घातली होती ती महाधमनीवरची जागा, वारंवार बायोप्सी (तपासणीसाठी हृदयाचा बारीक तुकडा) घेतली जाते त्या उजव्या जवनिकेतील, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यातील, बारीक धमन्या, आणि कॅथेटर ही बारीक नळी जेथून आत जाते त्या मांडीच्या व मानेच्या वाहिन्या, या तिन्ही ठिकाणी लक्ष ठेवावे लागते.

बाबांना छातीत काहीच दुखत नाही. मग एवढ्या तपासण्या कशासाठी?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. दात्याचे हृदय काढताना त्याचे मज्जातंतू कापले जातात आणि ते शस्त्रक्रियेत पुन्हा जोडता येत नाहीत. काही रुग्णांत कालांतराने त्यांची थोडीफार वाढ होते, परंतु तिच्यावर विसंबता येत नाही. परिणामी हृदयाचा रक्तपुरवठा कमी झाला तरी नेहमीची कळ येईलच असे नसते आणि थकवा, दम लागणे किंवा पायांवर सूज एवढीच तक्रार उरते. शिवाय प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे संसर्ग झाला तरी ताप सौम्य राहू शकतो किंवा येतही नाही. शरीराच्या धोक्याच्या दोन्ही घंटा अशा मंदावलेल्या असल्यामुळे, जे रुग्ण सांगू शकत नाही ते प्रतिमेवर शोधावे लागते.

‘स्यूडोॲन्युरिझम’ असा शब्द रिपोर्टमध्ये आला आहे. हा फुगा फुटतो का?

खऱ्या फुग्यात धमनीच्या भिंतीचे तिन्ही थर ताणून बाहेर येतात. स्यूडोॲन्युरिझममध्ये, म्हणजे खोट्या फुग्यात, भिंतीला छिद्र पडलेले असते आणि बाहेर आलेले रक्त भोवतालच्या ऊतींनी व गुठळीने कसेबसे अडवलेले असते. हे अडवणारे आवरण धमनीइतके मजबूत नसल्यामुळे तो फुटू शकतो, आणि महाधमनीवरचा फुटला तर वेळ फार थोडा मिळतो. म्हणूनच प्रत्यारोपणानंतर महाधमनीवर दिसणाऱ्या अशा फुग्याकडे, तो लहान असला तरी, कोणी थांबून पाहू या म्हणून दुर्लक्ष करत नाही.

तो बहुधा महाधमनीच्या शिवणीवर किंवा यंत्राची नळी घातलेल्या जागी तयार होतो. टाके सैल पडणे हे एक कारण आहे, पण अधिक काळजीचे कारण म्हणजे छातीच्या मध्यभागातील संसर्ग. त्यामागे स्टॅफिलोकोकस किंवा स्यूडोमोनास यांसारखे जिवाणू असतात, किंवा कँडिडा आणि ॲस्परजिलस या बुरशा असतात. प्रत्यारोपणापूर्वी ज्यांना एलव्हीएडी हा यांत्रिक पंप बसवलेला होता आणि त्याच्या पोटातून बाहेर येणाऱ्या तारेच्या जागी पू झाला होता, अशा रुग्णांत ही शक्यता अधिक गांभीर्याने घ्यावी लागते. ॲस्परजिलस ओलसर धान्य, कुजके गवत आणि कंपोस्ट खत यांत वाढते. शेतीवाडी असलेल्या घरातील रुग्णाने उकिरडा उपसण्याचे किंवा ओल लागलेली पोती झाडण्याचे काम घरातील दुसऱ्या कोणावर सोपवावे, ही सूचना वैद्यकीयच आहे.

निदानासाठी ईसीजीशी जुळवून घेतलेली सीटी अँजिओग्राफी सर्वांत उपयुक्त ठरते. हृदयाच्या ठोक्याबरोबर महाधमनीचा सुरुवातीचा भाग हलतो आणि ईसीजीशी न जुळवलेल्या सीटीत त्याची कड दुहेरी दिसते. ईसीजीशी जुळवलेल्या तपासणीत ती स्थिर दिसते, फुग्याचे तोंड किती रुंद आहे ते मोजता येते, आणि तो हृदयधमनीच्या उगमापासून व उरोस्थीपासून (छातीच्या मधल्या हाडापासून) किती दूर आहे हेही सांगता येते. शेवटची गोष्ट शल्यचिकित्सकाला आधी कळणे आवश्यक असते, कारण फुगा उरोस्थीला चिकटलेला असेल तर छाती पुन्हा उघडतानाच तो फुटण्याचा धोका असतो.

उपचार बहुतेक वेळा शस्त्रक्रियेचा असतो. संसर्ग असल्यास तो भाग काढून नवा बसवावा लागतो आणि जिवाणू किंवा बुरशीविरोधी औषधे दीर्घकाळ चालतात. निवडक रुग्णांत कॅथेटरमार्गे प्लग किंवा आच्छादित स्टेंट वापरून छिद्र बंद करता येते.

एका ठिकाणी गळती सांगितली आणि दुसऱ्या ठिकाणी काही नाही म्हणाले. असे कसे होते?

हे कसे होते ते पडद्यावर दाखवले तर लगेच पटते. शल्यचिकित्सक शिवण फाटू नये म्हणून टाक्यांखाली टेफ्लॉन फेल्टच्या लहान पट्ट्या लावतात. कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसण्यासाठी दिली जाणारी डाय, दिल्यानंतरच्या सीटीत महाधमनीतील रक्त पांढरेशुभ्र दिसते आणि तिच्या कडेला ही पट्टीही नखाच्या कोरीसारखी पांढरी दिसते. फक्त तेवढेच चित्र समोर असेल तर अनुभवी डोळ्यालाही तेथे कॉन्ट्रास्ट बाहेर आल्याचा भास होतो. मग कॉन्ट्रास्ट देण्यापूर्वीचा साधा सीटी शेजारच्या पडद्यावर त्याच पातळीवर आणायचा. तेथे महाधमनीतील रक्त करडे असते, आणि कडेची कोर मात्र जशीच्या तशी पांढरी असते. कॉन्ट्रास्ट नसतानाही जे पांढरे आहे ते रक्त नव्हे, ती पट्टी आहे. याउलट साध्या सीटीत न दिसलेली, कॉन्ट्रास्टनंतर उजळलेली आणि एक-दोन मिनिटांनी घेतलेल्या चित्रात पसरलेली जागा गळतीची असते.

म्हणून या रुग्णांत साधा, धमनीच्या टप्प्यातील आणि उशिराचा असे तीन टप्पे घेण्याचा आग्रह आम्ही धरतो. किरणोत्सर्ग वाचवण्यासाठी साधा टप्पा गाळण्याची सवय अन्यत्र चांगली असली, तरी शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या तपासणीत ती नको.

फसवणाऱ्या गोष्टी आणखीही आहेत. दात्याच्या आणि रुग्णाच्या महाधमनीची रुंदी वेगळी असल्यास शिवणीवर पायरी दिसते. जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेत कर्णिका मध्ये कंबर आवळल्यासारखी दिसते. काढलेल्या पेसमेकर किंवा डिफिब्रिलेटरच्या तारेचा तुकडा शिरेत राहिलेला असू शकतो. या सर्व गोष्टी अपेक्षित आहेत, त्यांना आजार म्हणता येत नाही. मात्र हे ओळखण्यासाठी कोणती पद्धत वापरली आणि काय मागे राहिले हे लिहिलेली शस्त्रक्रियेची नोंद हाताशी लागते. ती नसताना दिलेला रिपोर्ट अर्धाच असतो, हे रेडिओलॉजिस्टने स्वतः मान्य करायला हरकत नाही.

महाधमनीचे थर सुटणे, म्हणजे डिसेक्शन, नव्या हृदयातही होते का?

क्वचित होते. महाधमनीच्या आतल्या थराला चीर पडून रक्त भिंतीच्या थरांमध्ये घुसते आणि एकाच धमनीत दोन पोकळ्या तयार होतात. शिवणीच्या एका बाजूला दात्याची महाधमनी असते आणि दुसऱ्या बाजूला रुग्णाची, आणि चीर कोणत्याही बाजूला पडू शकते. उच्च रक्तदाब, दोन्ही बाजूंच्या रुंदीतील मोठा फरक आणि मार्फान सिंड्रोमसारखा जन्मजात ऊतिदोष ही कारणे प्रथम तपासली जातात. शिवणीचा व्रण अनेकदा चिरेला पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे रुग्णाच्या बाजूची चीर हृदयधमन्यांपर्यंत पोहोचत नाही. सीटी अँजिओग्राफीत मध्ये तरंगणारा पातळ पडदा दिसतो. रुग्ण सीटीपर्यंत नेण्याच्या स्थितीत नसेल तर अन्ननलिकेतून केलेला इको खाटेजवळच हे काम करतो.

सकाळी उठल्यावर आईचा चेहरा सुजलेला असतो. हे औषधांमुळे असेल का?

स्टिरॉइडमुळे चेहरा गोल होतो, पण ती गोलाई दिवसभर सारखीच असते. झोपून उठल्यावर किंवा वाकल्यावर वाढणारी सूज, मानेच्या फुगलेल्या शिरा आणि हातात जडपणा असेल तर वरच्या महाशिरेच्या जोडावर आकुंचन झाले आहे का हे पाहावे लागते. बायकेव्हल पद्धतीत हा जोड स्वतंत्र असल्याने तो अरुंद होण्याची शक्यता असते. शिरेत जुनी तार किंवा गुठळी असल्यास ही शक्यता वाढते. कधी कधी पहिली सूचना कॅथलॅबमध्येच मिळते : मानेतून बायोप्सीसाठी घातलेली नळी नेहमीच्या जागी अडते.

येथे सीटीचे तंत्र थोडे वेगळे असते. हातातून दिलेले घट्ट कॉन्ट्रास्ट महाशिरेत आले की त्याच्या तेजाने चित्रावर रेघा उमटतात, आणि पोटाकडून येणारे कॉन्ट्रास्टविरहित रक्त त्यात मिसळले की गुठळीचा आभास होतो. म्हणून उशिराचा, शिरांचा टप्पा घेतात. पाठीमागची ॲझायगस शीर आणि छातीच्या भिंतीतील आडवाटेच्या शिरा भरून आल्या असतील तर अडथळा खरा आहे. कॅथेटरवरच्या छोट्या फुग्याने शीर रुंदावून, आणि गरज पडल्यास स्टेंट (जाळीदार नळी) बसवून, उपचार होतो.

फुफ्फुस धमनीला पीळ पडतो म्हणजे काय?

दात्याच्या बाजूची धमनी आवश्यकतेपेक्षा लांब ठेवली गेली तर ती जोडावर दुमडू शकते. शिवताना अक्ष फिरला तर पीळ पडतो. उजव्या जवनिकेवर ताण येतो आणि हे बहुधा शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांतच लक्षात येते. इकोवर शंका येते, आणि कॅथेटरने जोडाच्या अलीकडचा व पलीकडचा दाब मोजल्यावर खात्री होते.

बायोप्सीमुळे रक्तवाहिनीला इजा होते का?

बायोप्सीचा चिमटा मानेच्या शिरेतून उजव्या जवनिकेत जातो आणि मधल्या पडद्याचे तांदळाच्या कणीहून लहान तुकडे घेतो. एखाद्या वेळी हृदयधमनीची बारीक फांदी त्यात कापली जाते आणि तिचे रक्त थेट जवनिकेत सांडू लागते. यालाच कोरोनरी फिस्टुला म्हणतात. रंगीत डॉप्लरवर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर, एक बारीक धार दिसते आणि अँजिओग्राफीत धमनीत सोडलेली डाय जवनिकेत उतरताना दिसते. वार्षिक अँजिओग्राफीत असा फिस्टुला योगायोगाने सापडणे फार नवलाचे नाही. बहुतेक वेळा तो लहान असतो, त्रास देत नाही आणि केवळ नोंद करून ठेवणे पुरेसे असते. मोठा असेल आणि हृदयावर ताण आणत असेल तरच तो कॅथेटरमार्गे बंद करतात. रिपोर्टमधील ‘फिस्टुला’ हा शब्द वाचून रात्रभर जागलेले नातेवाईक सकाळी दारात उभे असतात, म्हणून हे येथे मुद्दाम लिहिले आहे.

मांडीतून अँजिओग्राफी केल्यानंतर तेथे ठोके देणारी गाठ आली किंवा हात ठेवल्यावर थरथर जाणवली, तर मात्र डॉप्लर सोनोग्राफी त्याच दिवशी करून घ्यावी.

हृदयधमन्या अरुंद होणे ही दुर्मीळ गोष्ट आहे का?

नाही. कार्डियाक ॲलोग्राफ्ट व्हॅस्क्युलोपथी, म्हणजे प्रत्यारोपित हृदयाच्या धमन्या अशा अरुंद होत जाणे, हा या पानावरचा अपवाद आहे. प्रत्यारोपणानंतर जसजशी वर्षे जातात तसतसे तिचे प्रमाण वाढते आणि दहा वर्षांच्या सुमारास जवळजवळ निम्म्या रुग्णांत ती आढळते. नेहमीच्या हृदयविकारात एका ठिकाणी अडथळा असतो. येथे धमनी पूर्ण लांबीभर, सर्व बाजूंनी सारखी जाड होत जाते. तुलना करायला निरोगी भागच उरत नसल्याने साधी अँजिओग्राफी तिला कमी लेखते. त्यामुळे काही केंद्रे धमनीच्या आत अल्ट्रासाउंडची बारीक नळी घालून भिंतीची जाडी मोजतात. पहिल्या वर्षात ही जाडी 0.5 मिलिमीटर किंवा अधिक वाढली असेल तर ती पुढील धोक्याची खूण मानली जाते. सीटी कोरोनरी अँजिओग्राफी हा बिनकॅथेटरचा पर्याय आहे, परंतु अगदी बारीक फांद्या तीत नीट दिसत नाहीत.

इको नॉर्मल आहे. तरीही सीटी का सांगितले?

छातीवरून केलेल्या इकोत हृदयाचे कार्य उत्तम कळते, पण महाधमनीची शिवण बरगड्या आणि फुफ्फुसातील हवेमागे लपते. इको नॉर्मल असणे म्हणजे पंप नीट चालतो आहे. पाइपच्या जोडाबद्दल त्यातून फारसे कळत नाही.

एमआरआय किंवा पेट सीटी कधी करतात?

एमआरआय हृदयाच्या स्नायूची सूज आणि व्रण दाखवण्यात सरस आहे. उरोस्थीतील तारा त्याला अडचण करत नाहीत. शरीरात राहिलेल्या पेसमेकरच्या तुकड्याची माहिती मात्र आधीच द्यावी लागते. फुग्यात संसर्ग आहे का हे ठरवताना एफडीजी पेट सीटीची, म्हणजे शरीरातील जास्त सक्रिय पेशी उजळ दाखवणाऱ्या तपासणीची, मदत होते. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही महिने भरून येणारी जखमसुद्धा त्यावर उजळते, त्यामुळे त्या काळातील उजळपणाला संसर्गाचा पुरावा मानता येत नाही.

डायमुळे किडनी जाईल अशी भीती वाटते.

भीती निराधार नाही, पण ती मोजूनमापून घ्यावी. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे स्वतःच मूत्रपिंडावर ताण आणतात, त्यामुळे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहूनच कॉन्ट्रास्टची मात्रा ठरवली जाते. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या या रुग्णांनी एरवीही स्वतःहून घेऊ नयेत, आणि तपासणीच्या आसपास तर मुळीच नाही. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध चालू असल्यास ते सांगावे.

नागपुरातील मे महिन्याचा येथे खरा संबंध आहे. पारा 45 अंशांपर्यंत जातो, रुग्ण गडचिरोली किंवा यवतमाळहून पहाटेच्या बसने निघतो, आणि ‘उपाशीपोटी या’ या सूचनेचा अर्थ ‘पाणीही नको’ असा घेतला जातो. दुपारी सीटीच्या टेबलावर येईपर्यंत त्याचे शरीर कोरडे पडलेले असते आणि अशा वेळी दिलेले कॉन्ट्रास्ट मूत्रपिंडाला सर्वाधिक जड जाते. सीटीपूर्वी जेवण टाळायला सांगितले असले तरी पाण्याचे काय, हे फोन करून स्पष्ट विचारावे. बहुतेक ठिकाणी पाणी चालते. अन्ननलिकेतून करायच्या इकोसाठी मात्र नियम कडक असतात आणि पाणीही ठरलेल्या वेळेनंतर बंद करावे लागते. ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांचीच मर्यादा पाळावी.

तपासणीच्या दिवशी नेहमीच्या गोळ्या घ्यायच्या का?

प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चुकवू नयेत. त्याच दिवशी टॅक्रोलिमसची रक्तपातळी तपासायची असेल तर आधी रक्त द्यावे आणि मग लगेच गोळी घ्यावी.

सीटीच्या टेबलावर ठोके 100 दाखवतात. घाबरण्यासारखे आहे का?

सामान्यतः नाही. हृदयाला लगाम घालणारा व्हेगस मज्जातंतू तुटलेला असल्याने विश्रांतीतही ठोके 90 ते 110 च्या दरम्यान असतात. तंत्रज्ञ त्यानुसार चित्र टिपण्याची वेळ बदलतो. ताण-चाचणीत वापरल्या जाणाऱ्या ॲडेनोसिन या औषधाला प्रत्यारोपित हृदय फार तीव्र प्रतिसाद देते. म्हणून ताण-चाचणी करणाऱ्या प्रत्येक ठिकाणी ‘प्रत्यारोपण झाले आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगावे.

कोणत्या लक्षणांत नियोजित तारखेची वाट न पाहता यावे?

खोकल्यातून रक्त पडणे, अचानक दम लागणे किंवा भोवळ येणे, आवाज एकाएकी घोगरा होणे, उरोस्थीवरच्या जखमेतून पू येणे किंवा तेथे ठोके देणारी फुगवटी दिसणे, यांपैकी काहीही झाल्यास थेट आपत्कालीन विभागात यावे. अशा वेळी क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी सीटी थांबवले जात नाही.

येताना सोबत काय आणावे?

शस्त्रक्रियेची नोंद, डिस्चार्ज कार्ड, औषधांची चालू यादी आणि जुन्या तपासण्यांच्या सीडी आणाव्यात. फक्त छापील रिपोर्ट पुरत नाही, कारण त्यातल्या वाक्याशी नवे चित्र जुळवून पाहता येत नाही. फिल्मवरही विसंबू नये. सीटीच्या फिल्म आता उष्णतेवर छापल्या जातात आणि उष्णतेनेच काळवंडतात. गाडीच्या मागच्या काचेखाली एक दुपार राहिलेले पाकीट उघडल्यावर आतून नुसते काळे कागद निघाल्याचे आम्ही पाहिले आहे, आणि त्यात रुग्णाचा शस्त्रक्रियेनंतरचा पहिला सीटी होता. हा पहिला सीटी कधीच टाकून देऊ नये. तो पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावा, एक प्रत घरी आणि एक मुलाकडे किंवा मुलीकडे ठेवावी, आणि पाच वर्षांनी कोणी ‘जुने चालणार नाही’ म्हणाले तरी तोच पुढे करावा.